क्रूझवरून बेपत्ता झालेले प्रवासी आणि कायद्याचा लांबलेला प्रवास

२९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री डिझेल इंजिनाचे जनक रुडॉल्फ डिझेल बेल्जियममधील अँटवर्पहून ‘ड्रेस्डेन’ या बोटीने इंग्लंडमधील हार्विच बंदराकडे निघाले होते. सोबतच्या मंडळींबरोबर जेवण उरकून रात्री दहाच्या सुमारास ते केबिनमध्ये गेले आणि सकाळी सव्वासहाला उठवावे, असा निरोप त्यांनी ठेवला. सकाळी केबिन रिकामी होती. बिछान्यावर कोणी झोपल्याची खूण नव्हती, रात्रीचे कपडे मांडलेले तसेच होते आणि त्यांची टोपी व ओव्हरकोट डेकच्या मागील बाजूस कठड्यापाशी नीट ठेवलेले सापडले. दहा-अकरा दिवसांनी एका डच बोटीच्या खलाशांना समुद्रात एक मृतदेह दिसला. तो इतका कुजला होता, की त्यांनी खिशातल्या वस्तू तेवढ्या काढून घेतल्या आणि देह पुन्हा पाण्यात सोडला. त्या वस्तूंवरून मुलाने वडिलांची ओळख पटवली. आत्महत्या, अपघात की घातपात, याचा निकाल आजतागायत लागलेला नाही.

क्रूझ जहाजांवरून प्रवासी नाहीसे होण्याच्या अलीकडच्या घटनांचे तपशील या शंभर वर्षांपूर्वीच्या प्रकरणाशी चकित करण्याइतके जुळतात. रात्रीची वेळ, साक्षीदार कोणी नाही, सकाळी रिकामी केबिन आणि मधल्या काळात कितीतरी पुढे निघून आलेले जहाज. ताशी वीस सागरी मैल वेगाने चाललेले जहाज दहा मिनिटांत सहा किलोमीटरहून अधिक अंतर कापते. माणूस नाहीसा झाल्याचे आठ तासांनी लक्षात आले, तर जवळजवळ तीनशे किलोमीटरचा मार्ग शोधाच्या कक्षेत येतो, आणि त्यात वारा व प्रवाह यांची भर पडते ती वेगळीच. समुद्र अफाट आहे म्हणून ही माणसे सापडत नाहीत, असे सर्रास म्हटले जाते. पण ती पडल्याचे वेळेत समजावे, याची जबाबदारी फार काळ कोणावरच नव्हती, हे कारण मला त्याहून मोठे वाटते.

घटनांचे प्रमाण अल्प आहे, हेही नमूद केले पाहिजे. २०२३ साली जगभरात सुमारे ३ कोटी १७ लाख लोकांनी क्रूझने प्रवास केला. उद्योगाच्या संघटनेसाठी तयार झालेल्या एका अहवालात २००९ ते २०१९ या काळात प्रवासी व कर्मचारी मिळून जहाजावरून समुद्रात पडण्याच्या २१२ घटना नोंदल्या आहेत आणि त्यांतून ४८ जण वाचले. यांतील अनेक प्रकरणे आत्महत्येची असतात. काहींत मद्यपान, कठड्यावर चढणे किंवा एका बाल्कनीतून दुसरीत जाण्याचा प्रयत्न कारणीभूत ठरतो. निव्वळ तोल जाऊन पडणे क्वचितच घडते, असे कंपन्या सांगतात, आणि छातीपर्यंत येणारा कठडा पाहता ते पटण्यासारखे आहे. मात्र कोणते प्रकरण कोणत्या प्रकारचे, हे ठरवायला तपास लागतो, आणि खरी अडचण तपासापाशीच सुरू होते.

खुल्या समुद्रातील जहाजावर ज्या देशाचा ध्वज असेल, त्याच देशाचा अधिकार चालतो. १९५८ च्या जिनिव्हा करारात आणि पुढे १९८२ च्या सागरी कायदा करारात हे तत्त्व लिहिले गेले. प्रवासी अमेरिकन किंवा ब्रिटिश, कंपनीचे कार्यालय मायामीत आणि जहाजाची नोंदणी बहामा, पनामा, बर्म्युडा किंवा माल्टा येथे, अशी ही रचना आहे. तिचे मूळ मोठे गमतीदार आहे. अमेरिकेत दारूबंदी असताना, १९२२ साली, ‘रिलायन्स’ आणि ‘रिझोल्यूट’ ही दोन अमेरिकी प्रवासी जहाजे पनामाच्या ध्वजाखाली गेली, ती प्रवाशांना दारू देता यावी म्हणून. पुढे कर, वेतन आणि कामगार कायदे यांतील सवलतींसाठी हीच वाट रुळली. १९६६ मध्ये ‘सनवर्ड’ हे जहाज मायामीहून कॅरिबियन सहलींवर जाऊ लागले आणि आजच्या क्रूझ उद्योगाचा पाया पडला, तेव्हा परक्या ध्वजाची पद्धत आयती तयार होती. परिणामी जहाजावर कोणी नाहीसे झाले, तर तपासाचा पहिला अधिकार हजारो किलोमीटरवरील एखाद्या छोट्या बेटाच्या पोलिसांकडे जातो. २०११ च्या मार्चमध्ये मेक्सिकोच्या किनाऱ्याजवळ एका क्रूझवरील तरुण ब्रिटिश कर्मचारी नाहीशी झाली. जहाज बहामाचे असल्याने तपासाला आला तो बहामाचा एकच पोलिस अधिकारी. तोवर जहाज बंदरात परतले होते.

नुकसानभरपाईच्या कायद्यानेही कंपन्यांवर फारसा दबाव येत नव्हता. अमेरिकेच्या १९२० च्या ‘डेथ ऑन द हाय सीज’ कायद्यानुसार किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांपलीकडे झालेल्या मृत्यूबद्दल वारसांना केवळ आर्थिक नुकसान मागता येते. मृत व्यक्ती निवृत्त असेल किंवा तिच्यावर कोणी अवलंबून नसेल, तर दाव्यात उरते ते अगदी किरकोळ. १९९६ मध्ये न्यूयॉर्कजवळ टीडब्ल्यूए कंपनीचे विमान समुद्रात कोसळल्यानंतर विमान प्रवाशांपुरता हा कायदा २००० साली बदलण्यात आला. जहाजांच्या प्रवाशांना तो बदल लागू झाला नाही.

चित्र पालटू लागले ते तीन प्रकरणांमुळे. मार्च १९९८ मध्ये कॅरिबियनमधील कुरासाव बेटाच्या वाटेवर असलेल्या ‘रॅप्सडी ऑफ द सीज’ वरून एक २३ वर्षांची अमेरिकन तरुणी पहाटे नाहीशी झाली. कुटुंबाने विनवूनही बंदरात प्रवासी नेहमीप्रमाणे उतरू दिले गेले. जुलै २००५ मध्ये ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्या दरम्यान ‘ब्रिलियन्स ऑफ द सीज’ वरून मधुचंद्राला निघालेला एक तरुण नाहीसा झाला आणि त्याच्या केबिनखालच्या छतावर रक्ताचे डाग आढळले. वृत्तवाहिन्यांनी हे प्रकरण उचलून धरले.

या दोहोंच्या मधले, ऑगस्ट २००४ चे अलास्का सहलीतील प्रकरण सुरुवातीला कोणाच्या कानीही गेले नव्हते. ‘मर्क्युरी’ जहाजावर एकटीने प्रवास करणारी चाळिशीची महिला दुसऱ्या दिवसानंतर दिसेनाशी झाली. केबिनची सफाई करणाऱ्या कर्मचाऱ्याला बिछाना वापरलेला दिसेना, म्हणून त्याने वरिष्ठाला तसे कळवले. तू तुझे काम कर, असे उत्तर त्याला मिळाले. सहल संपल्यावर तिचे सामान गोळा करून ठेवण्यात आले, आणि पोलिसांना किंवा घरच्यांना कोणीही कळवले नाही. मुलीचा फोन लागत नाही म्हणून वडिलांनी स्वतः शोध सुरू केला, तेव्हा ती क्रूझला गेली होती, हेच त्यांना कित्येक दिवसांनी समजले. विमा क्षेत्रातून निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी खासगी तपासनीस आणि वकील नेमून कंपनीकडून एकेक कागद मिळवला. इतका खर्च करण्याची ऐपत किती कुटुंबांची असते, हा प्रश्न येथे मनात येतोच. २००६ च्या सुरुवातीला त्यांनी अशाच इतर कुटुंबांबरोबर ‘इंटरनॅशनल क्रूझ व्हिक्टिम्स’ ही संघटना उभी केली.

डिसेंबर २००५ पासून अमेरिकी काँग्रेसमध्ये ख्रिस्तोफर शेज यांच्या उपसमितीने सुनावण्या घेतल्या. पुढे सिनेटर जॉन केरी आणि प्रतिनिधी डोरिस मात्सुई यांनी मांडलेल्या विधेयकावर २७ जुलै २०१० रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांची सही झाली. अमेरिकी बंदरांत प्रवासी घेणाऱ्या किंवा उतरवणाऱ्या आणि किमान २५० प्रवासी क्षमतेच्या जहाजांना हा कायदा लागू आहे. कठडा किमान ४२ इंच उंच असावा, केबिनच्या दाराला बाहेरचे पाहता येईल असे भोक असावे, कॅमेऱ्यांचे चित्रीकरण जपावे आणि अमेरिकी नागरिक बेपत्ता झाल्यास एफबीआयला कळवावे, अशा तरतुदी त्यात आल्या. मुख्य तरतुदीला मात्र एक पळवाट राहिली. माणूस पडताना त्याचे चित्र टिपणारे किंवा तो पडल्याची सूचना देणारे तंत्रज्ञान जहाजावर असावे, पण ते ‘उपलब्ध असेल त्या मर्यादेपर्यंत’. चित्र टिपणारा साधा कॅमेरा आणि तत्काळ गजर करणारी यंत्रणा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यामुळे काय घडले ते दुसऱ्या दिवशी कळते, तर दुसरीमुळे जीव वाचू शकतो. कायद्याच्या शब्दांत कंपन्यांना यांपैकी काहीही एक निवडता येत होते.

आकडेवारीतही अशीच मेख होती. एफबीआयचा तपास बंद झालेलीच प्रकरणे जाहीर करायची, असे मूळ शब्द असल्याने प्रसिद्ध होणारे आकडे अगदी नगण्य दिसत. २०१४ मध्ये कायदा दुरुस्त झाल्यावर ही उणीव भरली. तोपर्यंत कॅनडातील मेमोरियल विद्यापीठाचे प्राध्यापक रॉस क्लाइन यांनी बातम्यांवरून स्वतः जमवलेली यादी हाच अभ्यासकांचा मोठा आधार होता.

गजर करणाऱ्या यंत्रणांबाबत उद्योगाचा आक्षेप खोट्या गजरांचा होता. पक्षी, लाटांचे तुषार, वरून फेकलेली वस्तू, भिंगावर साचलेले मीठ, यांपैकी कशानेही गजर झाला, की जहाज थांबवायचे का, हा प्रश्न गैरलागू नाही. शरीराची उष्णता टिपणारे औष्णिक कॅमेरे, रडार आणि संगणकीय विश्लेषण एकत्र आल्यावर अडचण कमी झाली, आणि २०२० मध्ये अशा यंत्रणांसाठी आयएसओ २११९५ हे आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले. ते पाळणे ऐच्छिक आहे. सर्व प्रवासी जहाजांवर गजराची यंत्रणा सक्तीची करणारा जागतिक नियम नाही.

वेळेत कळले, तर काय करायचे हे खलाशांना उत्तम ठाऊक असते. ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षातून, धूर व दिवा असलेले तरंगते कडे सोडले जाते, माणूस पाण्यात पडल्याची खूण असलेला लाल-पिवळा ‘ऑस्कर’ ध्वज चढतो आणि जहाज विल्यमसन वळण घेते. म्हणजे सुकाणू एका बाजूला पूर्ण फिरवून दिशा साधारण साठ अंशांनी बदलली, की ते उलट्या बाजूला पूर्ण फिरवायचे, जेणेकरून जहाज आपल्याच जुन्या मार्गावर विरुद्ध दिशेने येते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रूढ झालेली ही युक्ती आजही शिकवली जाते. उशीर होऊनही माणसे वाचल्याची उदाहरणे आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये मेक्सिकोच्या आखातात ‘कार्निव्हल व्हॅलर’ वरून रात्री नाहीसा झालेला २८ वर्षांचा तरुण पंधरा तासांहून अधिक काळ पाण्यात राहून सापडला. बहिणीने तो दिसत नसल्याचे सांगेपर्यंत दुसऱ्या दिवसाची दुपार झाली होती. अखेर तो एका मालवाहू जहाजाच्या खलाशांच्या नजरेस पडला आणि तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरने त्याला वर खेचले. पाणी उबदार नसते, तर हे घडते ना.

भारतीयांचा या विषयाशी संबंध आता वाढतो आहे. मुंबईहून गोव्याकडे क्रूझ निघतात, आणि परदेशी क्रूझ जहाजांवर गोवा, मुंबई व कोकणातील कर्मचारी तर कित्येक वर्षांपासून आहेत. ३१ जुलै २०२३ रोजी पेनांगहून सिंगापूरला येणाऱ्या ‘स्पेक्ट्रम ऑफ द सीज’ वरून ६४ वर्षांची एक भारतीय महिला सिंगापूरच्या सामुद्रधुनीत नाहीशी झाली. पहाटे जाग आलेल्या पतीला ती केबिनमध्ये दिसली नाही, आणि मुलाला मदतीसाठी समाजमाध्यमांवरून भारत सरकारला साद घालावी लागली. अमेरिकेचा फौजदारी कायदा अमेरिकी बंदरातून निघालेल्या परदेशी जहाजावर आपला नागरिक पीडित असला, तरी लागू होतो; आपला दंडविधान मात्र प्रामुख्याने भारतीय आरोपीच्या किंवा भारतात नोंदलेल्या जहाजाच्या मागे समुद्रापार जातो. देह न सापडल्यास विमा, बँक खाते आणि मालमत्ता यांचे प्रश्न लोंबकळत राहतात, कारण जुन्या पुरावा कायद्याच्या १०८ व्या आणि नव्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या १११ व्या कलमानुसार सात वर्षे काहीच माहिती मिळाली नाही, तरच व्यक्ती जिवंत असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर जाते. त्याआधी मृत्यू मान्य करून घ्यायचा, तर कुटुंबाला कॅमेऱ्याचे चित्रण आणि ध्वजदेशाचा तपास अहवाल लागतो, आणि हे दोन्ही कागद परदेशातून मिळवावे लागतात.