ड्रोन ताफ्याच्या मोहीम नियोजनाचं पेटंट: नागपुरातून अर्ज कसा करायचा आणि परीक्षणात कुठे अडतं

सिव्हिल लाइन्समध्ये हिस्लॉप कॉलेज रोडवर राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आहे. पेटंट एक्झामिनरचं प्रशिक्षण इथे होतं आणि पेटंट माहिती प्रणालीचं कार्यालयही नागपुरातच आहे. त्यामुळे बऱ्याच जणांना वाटतं की पेटंटचा अर्जही इथेच द्यायचा. तसं नाही. महाराष्ट्रातल्या अर्जदाराचा अर्ज मुंबई पेटंट कार्यालयाच्या हद्दीत येतो. मात्र त्यासाठी मुंबईची गाडी पकडावी लागत नाही. सगळं ऑनलाइन होतं. स्वतः अर्ज भरणार असाल तर वर्ग ३ ची डिजिटल सही लागते, आणि पेटंट एजंटामार्फत गेलात तर त्याला ऑनलाइनच भरणं बंधनकारक आहे.

गेल्या काही दिवसांत माझ्याकडे एकाच धर्तीची विचारणा वारंवार आली: चार-सहा ड्रोन एकत्र उडवायचे, कोणी कुठल्या भागात जायचं, बॅटरी संपत आली की काम कोणाकडे द्यायचं, हे सगळं ठरवणारी पद्धत आम्ही तयार केली आहे, तिचं पेटंट मिळेल का? मिळू शकतं. पण अर्ज ज्या पद्धतीने लिहून आणलेला असतो, तसा लिहिला तर बहुतेक वेळा मिळत नाही.

मुळात हा 'शोध' धरला जातो का?

पेटंट कायदा १९७० च्या कलम ३ मध्ये काय काय 'शोध नाही' याची यादी आहे. आपल्या कामाचं उपकलम ३(के): गणिती किंवा व्यवसायाची पद्धत, 'पर से' (म्हणजे निव्वळ, नुसता) कॉम्प्युटर प्रोग्राम, आणि अल्गोरिदम, म्हणजे उत्तर काढण्याच्या ठरलेल्या पायऱ्या. इथे 'पर से' हे शब्द फक्त कॉम्प्युटर प्रोग्रामला जोडलेले आहेत, अल्गोरिदमला नाहीत. २००२ च्या दुरुस्तीत ते आले. म्हणजे नुसता प्रोग्राम बाद, पण त्या प्रोग्राममुळे तांत्रिक परिणाम साधत असेल तर दार उघडं. दिल्ली उच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २०१९ ला फरीद अल्लानी प्रकरणात हीच बाजू धरली. त्याआधी २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये 'नवीन हार्डवेअर दाखवा' अशी अट होती, ती २०१७ मध्ये गेली, आणि २०२५ मध्ये या सूचना पुन्हा नव्याने आल्या. जुन्या ब्लॉगवर वाचून 'नवा ड्रोनच बनवावा लागेल' असं कोणी सांगितलं तर त्याचं ऐकू नका.

आता प्रत्यक्ष मजकूर बघू. समजा काटोलकडच्या एका संत्र्याच्या बगीच्यात चार ड्रोन फवारणी करतात. पहिल्या खेपेला माझ्यासमोर येणारा क्लेम, म्हणजे नेमका कशावर हक्क मागतो ते सांगणारं वाक्य, साधारण असा असतो:

'ड्रोनच्या ताफ्याला कामे वाटून देण्याची पद्धत, ज्यात कामांची यादी घेतली जाते, एकूण अंतर कमीत कमी होईल अशी वाटणी काढली जाते, आणि ती वाटणी पडद्यावर दाखवली जाते.'

यात ड्रोनच्या जागी कुरिअरवाली पोरं घातली तरी वाक्य तसंच चालतं! अर्ज तपासणाऱ्या एक्झामिनरला हेच दिसतं. अंतर कमी करणं हे गणित, म्हणून ३(के). माणूस कागदावर करू शकेल अशी योजना, म्हणून ३(एम). पडद्यावर दाखवणं म्हणजे माहितीचं सादरीकरण, म्हणून ३(एन). आणि उत्साहाच्या भरात 'संत्र्याच्या बगीच्यात फवारणी करण्याची पद्धत' असा क्लेम घातला असेल तर ३(एच), म्हणजे शेतीची पद्धत. विदर्भातल्या अर्जांना हा चौथा आक्षेप हमखास चिकटतो, कारण आपल्याकडे ड्रोन म्हटला की फवारणीच आठवते.

तोच शोध असा लिहून बघा: प्रत्येक ड्रोनचा फ्लाइट कंट्रोलर (उड्डाण सांभाळणारा ड्रोनवरचा छोटा संगणक) उडत असताना बॅटरीचं व्होल्टेज लोडखाली किती पडतं ते आणि मोटारींचा करंट मोजतो, त्यावरून, समोरचा वारा धरून, उरलेली उड्डाणाची वेळ काढतो, ती ठरलेल्या मर्यादेखाली गेली की उरलेले वेपॉइंट (मार्गावरचे ठरलेले बिंदू) शेजारच्या ड्रोनला रेडिओवरून थेट देतो, आणि शेजारचा ड्रोन जमिनीवरच्या स्टेशनची वाट न बघता आपली उंची आणि मार्ग बदलतो, जेणेकरून परत येणारा आणि पुढे जाणारा ड्रोन एकाच पट्ट्यात येत नाहीत. गणित इथेही आहेच. पण ते सेन्सरच्या मोजमापावर चालतं आणि शेवटी हवेतल्या यंत्राचं वागणं बदलतं. क्लेम एका संगणकापासून सुरू होऊन त्याच संगणकात संपला की घोटाळा. हवेत काय बदललं, ते त्यात यायलाच हवं.

सिस्टीमचा क्लेम, ड्रोनचा क्लेम आणि पद्धतीचा क्लेम असे तिन्ही ठेवा. 'कॉम्प्युटर प्रोग्राम प्रॉडक्ट' हा अमेरिकन थाटाचा क्लेम मात्र इथे आक्षेप ओढवून घेतो. मी तो घालतच नाही.

नवेपणाची झाडाझडती

३(के) मधून सुटलात तरी नवेपणा आणि शोधकता, म्हणजे त्या विषयातल्या जाणकाराला सहज सुचणार नाही असं काही असणं (कलम २(१)(जेए)), बाकीच. इथे जुनी माहिती डोंगराएवढी आहे. मिशन प्लॅनर आणि क्यूग्राउंडकंट्रोल ही दोन्ही सॉफ्टवेअर खुली आहेत, वर्षानुवर्षं वापरात आहेत, आणि नकाशावर चौकट काढली की आपोआप फेऱ्या आखून देतात. वखराची बैलजोडी तासाच्या टोकाला वळून शेजारच्या तासाने परत येते, तशा त्या फेऱ्या. गंमत म्हणजे या आखणीला तांत्रिक लेखनात 'बूस्ट्रोफेडॉन' म्हणतात आणि त्या ग्रीक शब्दाचा अर्थच 'बैल वळतो तसं'. ताफ्याला क्षेत्र वाटून देण्यासाठी व्होरोनॉय विभागणी (प्रत्येक जागा सगळ्यात जवळच्या ड्रोनकडे), कामांसाठी ड्रोननी आपापसात लिलाव करणं, मुंग्यांच्या वाटेवरून सुचलेला अल्गोरिदम, जेनेटिक अल्गोरिदम हेही सगळं प्रसिद्ध झालेलं आहे. यातला एक उचलून 'ड्रोनवर लावला' एवढ्यावर शोधकता सिद्ध होत नाही.

म्हणून अर्जाआधी अशा जुन्या माहितीचा शोध घ्या. भारतीय अर्जांसाठी पेटंट कार्यालयाचं 'इनपास', बाहेरच्यांसाठी एस्पासनेट आणि पेटंटस्कोप, तिन्ही फुकट. शब्दांनी शोधण्यापेक्षा पेटंटच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या कोडने शोधलेलं बरं: वाहनांचं मार्ग-नियंत्रण जी०५डी १ मध्ये, मानवरहित विमानं बी६४यू मध्ये, हवाई वाहतूक नियंत्रण जी०८जी ५ मध्ये. तुमच्यासारखे अर्ज जी०६क्यू १०/०४७ मध्ये सापडायला लागले तर सावध व्हा. तो मार्ग काढण्याच्या व्यावसायिक नियोजनाचा वर्ग आहे, आणि तिथे बसलेल्या अर्जाला 'व्यवसायाची पद्धत' हा शिक्का लवकर बसतो.

कोण अर्ज करू शकतं, कोणती कागदपत्रं

खरा आणि पहिला शोधकर्ता, त्याने हक्क लिहून दिलेली व्यक्ती किंवा संस्था, किंवा मृत शोधकर्त्याचा कायदेशीर वारस. विद्यार्थ्यांनी केलेलं काम कॉलेजच्या नावाने जाणार असेल तर प्रत्येकाची सही असलेलं हक्कपत्र लागतं. ते अर्जापासून सहा महिन्यांत द्यायचं असतं. पोरं पास होऊन पुण्याला गेल्यावर सह्या गोळा करण्यात काय हाल होतात ते विचारू नका. गाईड सरांचं नाव शोधकर्त्यात घालायचं की नाही, हा वाद अर्जाआधीच मिटवा. कल्पनेत वाटा असेल तर घाला, नुसता मान म्हणून घालू नका.

अर्ज फॉर्म १ वर. स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचं लेखी वर्णन, फॉर्म २ वर, तात्पुरतं किंवा पूर्ण. तात्पुरतं दिलं तर १२ महिन्यांच्या आत पूर्ण द्यावंच लागतं. परदेशातल्या अर्जांची माहिती फॉर्म ३ वर, शोधकर्त्याची घोषणा फॉर्म ५ वर, एजंट असेल तर मुखत्यारपत्र फॉर्म २६ वर. स्टार्टअप, लघुउद्योग किंवा शैक्षणिक संस्था म्हणून सवलत हवी असेल तर फॉर्म २८, सोबत स्टार्टअपला डीपीआयआयटीचं (केंद्राच्या उद्योग संवर्धन विभागाचं) मान्यतापत्र, लघुउद्योगाला उद्यम नोंदणी. एकट्या माणसाला सवलतीसाठी फॉर्म २८ लागत नाही. आकृत्या ए४ कागदावर, सारांश १५० शब्दांच्या आत. भाषा इंग्रजी किंवा हिंदी. मराठीतलं स्पेसिफिकेशन घेत नाहीत, हे मला आजही खटकतं.

सवलतीच्या गटाला ऑनलाइन अर्जाची फी १,६०० रुपये, इतरांना ८,०००. यात ३० पानं आणि १० क्लेम येतात. पुढच्या प्रत्येक पानाला १६० आणि क्लेमला ३२० रुपये, इतरांना पाचपट. फ्लोचार्टांनी पानं फुगतात, पण इथे काटकसर करू नका. कारण पुढे कलम ५९ आडवं येतं: अर्जात जे लिहिलंच नाही ते नंतर दुरुस्तीने घालता येत नाही. व्होल्टेज कसं मोजलं, मर्यादा कशी ठरवली, रेडिओवरच्या संदेशात काय काय असतं, सिग्नल तुटला तर ड्रोन काय करतो, हे पहिल्या दिवशीच लिहा. चाचण्यांचे आकडे जोडा: तोच बगीचा, तेच चार ड्रोन, एकदा नेहमीच्या पद्धतीने आणि एकदा तुमच्या. अर्धवट सोडलेल्या फेऱ्या किती, बॅटऱ्या किती बदलल्या, रेडिओवर किती संदेश गेले. सोनेगावच्या विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांच्या वर उडवायला परवानगी लागते, आणि त्याहून जवळ तर लागतेच. म्हणून चाचणी लांबच्या वावरात घ्या.

आणि त्या चाचणीचा व्हिडिओ इन्स्टाग्रामवर टाकू नका! अर्जाआधी स्वतःच उघड केलेली माहिती तुमच्याविरुद्ध वापरली जाते. कलम ३१ ची १२ महिन्यांची सवलत आहे, पण ती केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनाला किंवा विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधाला. कॉलेजच्या टेक्फेस्टमधला स्टॉल त्यात बसत नाही.

ड्रोनच्या बाबतीत आणखी एक. भारतात राहणाऱ्याने आधी परदेशात अर्ज करायचा असेल तर फॉर्म २५ वर परवानगी हवी, नाहीतर इथे अर्ज करून सहा आठवडे थांबायचं (कलम ३९). तसं न केल्यास भारतातला अर्ज सोडून दिला असं धरतात, शिवाय शिक्षेची तरतूद आहे. तुमची पद्धत संरक्षणाच्या उपयोगाची वाटली तर कलम ३५ खाली पेटंट कार्यालयाचा अधिकारी, म्हणजे कंट्रोलर, ती गुप्त ठेवण्याचा आदेशही देऊ शकतो. तेव्हा 'शत्रूच्या हद्दीत टेहळणी' असली वाक्यं नुसती भारी वाटतात म्हणून घालू नका.

परीक्षण

अर्ज दिला म्हणजे परीक्षण आपोआप सुरू होत नाही. फॉर्म १८ वर मागणी करावी लागते, सवलतीची फी ४,००० रुपये. १५ मार्च २०२४ पासूनच्या अर्जांना मुदत ३१ महिने आहे. आधी ४८ होती, आणि जुन्या आठवणीवर विसंबलेले इथे फसतात. अर्ज १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो; फॉर्म ९ (२,५०० रुपये) दिला तर साधारण महिन्याभरात. घाई असेल तर लवकर परीक्षणासाठी फॉर्म १८ए, सवलतीची फी ८,०००. तो स्टार्टअप, लघुउद्योग, सरकारी किंवा सरकारी अनुदानावरची संस्था यांना मिळतो. आणि अर्जदार व्यक्ती असतील तर त्यातली एक जरी महिला असली तरी मिळतो. ही शेवटची सोय ड्रोनवर काम करणाऱ्या कितीतरी मुलींना माहीतच नसते.

त्यानंतर येतो पहिला परीक्षण अहवाल, सगळे ज्याला एफईआर म्हणतात. सुरुवातीला एका तक्त्यात कुठला क्लेम कशावर अडला ते असतं, मग सविस्तर आक्षेप. तुमच्या नवेपणाविरुद्ध दाखवलेले जुने दस्तऐवज डी१, डी२ असे येतात. उत्तराला सहा महिने, फॉर्म ४ वर आणखी तीन महिने, पण ती मागणी मूळ मुदत संपायच्या आत. एका विद्यार्थ्याने अर्जात कॉलेजचा ईमेल दिला होता. तो पास झाला, कॉलेजने ईमेल बंद केला, एफईआर तिकडेच आला. त्याला कळलं तेव्हा अर्ज सोडून दिल्याची नोंद झालेली होती. घरचा ईमेल द्या.

उत्तरात 'आमचा शोध तांत्रिक आहे' असं पानभर लिहून उपयोग नाही. डी१ मधला ताफा जमिनीवरच्या स्टेशनवर अवलंबून आहे, आमचा ड्रोन स्वतःच्या मोजमापावर शेजाऱ्याला काम देतो, त्यामुळे सिग्नल तुटलेल्या भागातही फेरी पूर्ण होते, पान अमुकवरचे आकडे बघा, अशा साखळीने लिहा. ३(के) चं उत्तर आणि शोधकतेचं उत्तर एकाच फरकावर उभं राहिलं पाहिजे. ३(एच) साठी क्लेममधून फवारणी काढून ड्रोनचं नियंत्रण ठेवा. संत्री वर्णनात राहू द्या.

तेवढ्याने समाधान झालं नाही तर कलम १४ खाली सुनावणी, व्हिडिओवर. तारीख दोनदा पुढे ढकलता येते. सुनावणीनंतर १५ दिवसांत लेखी म्हणणं द्यायचं, आणि सुधारलेले क्लेम त्यासोबतच जोडायचे. नाकारलं तर तीन महिन्यांत उच्च न्यायालयात अपील. २०२१ मध्ये बौद्धिक संपदा अपील मंडळ बंद झाल्यापासून तोच मार्ग आहे. मंजूर झालं तर मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं. नूतनीकरण फी तिसऱ्या वर्षापासून लागते, पण ग्रँट, म्हणजे मंजुरी, उशिरा आली असेल तर मधल्या वर्षांची साचलेली फी पेटंटची नोंद झाल्यापासून तीन महिन्यांत एकदम भरायची असते. ग्रँटचा ईमेल आला त्याच दिवशी ही तारीख कॅलेंडरवर टाका, मग पेढे वाटा.