ऑस्कर-१ आणि ऑस्कर-३: एक नुसता बोलणारा, दुसरा ऐकून पोचवणारा

ऑस्कर-१ या हौशी रेडिओवाल्यांच्या उपग्रहामुळे हॅम मंडळी (म्हणजे छंद म्हणून रेडिओ संपर्क करणारे) १९६१ पासून अवकाशातून एकमेकांशी बोलू लागली, असं बऱ्याचदा सांगितलं जातं. तसं झालं नव्हतं. १२ डिसेंबर १९६१ ला कॅलिफोर्नियातल्या व्हँडेनबर्गहून सुटलेल्या या साडेचार किलोच्या उपग्रहात रिसीव्हरच नव्हता. होता १४० मिलिवॉटचा ट्रान्समीटर, आणि त्याला एकच गोष्ट येत होती: मोर्समध्ये ‘एच-आय’. चार टिंबं, मग दोन टिंबं, सतत.

पण यात कमी लेखण्यासारखं काही नाही. त्या टिंबांचा वेग उपग्रहाच्या आतल्या तापमानावर ठरायचा. १४४.९८३ मेगाहर्ट्झवर कान लावायचा, ठरावीक ‘एच-आय’ना किती सेकंद लागले ते स्टॉपवॉचवर बघायचं, की झालं आतलं तापमान हाती. उपग्रह जवळून पुढे निघून जाताना डॉप्लर परिणामामुळे फ्रिक्वेन्सी खाली सरकायची, तिच्यावरून कक्षेचा अंदाज यायचा. २८ देशांतल्या ५७० हून जास्त हौशी लोकांनी नोंदी पाठवल्या. मला तर हे सामूहिक मोजमाप गप्पांइतकंच मोलाचं वाटतं. तीन आठवड्यांत बॅटरी संपली. १९६२ चा ऑस्कर-२ सुद्धा याच जातीचा, बीकनच, म्हणजे नुसता खुणेचा संदेश पाठवणारा.

खरा फरक पडला ९ मार्च १९६५ ला. ऑस्कर-३ मध्ये लीनियर ट्रान्सपॉन्डर होता. दोन मीटर बँडमधला (१४४ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या फ्रिक्वेन्सींमधला) एक अरुंद पट्टा तो जसाच्या तसा उचलायचा आणि त्याच बँडमध्ये दुसऱ्या जागी परत सोडायचा. पट्ट्यात मोर्स असो वा आवाज, एक संभाषण असो वा पाच, त्याला फरक पडत नव्हता. जमिनीवरून एरवी फार लांब न पोचणाऱ्या या फ्रिक्वेन्सीवर अटलांटिकपार संपर्क झाले. इंटेलसॅटचा ‘अर्ली बर्ड’ हा व्यावसायिक दळणवळण उपग्रह अजून उडायचा होता!

मात्र उपग्रहाची सगळी शक्ती जेमतेम १ वॉट, आणि ती सगळ्यांत वाटली जाणार. कुणी जमिनीवरून दणदणीत पॉवर लावली की त्याचाच आवाज मोठा होतो, बाकीचे दबतात. लीनियर ट्रान्सपॉन्डरवर गरजेपुरतीच पॉवर लावायची, ही शिस्त त्यामुळेच आजही पाळावी लागते.

ऑस्कर-३ चा ट्रान्सपॉन्डर अठराएक दिवसच चालला, पण पुढची वाट त्याचीच. इस्रोने ५ मे २००५ ला पीएसएलव्हीने सोडलेल्या हॅमसॅटवर असे दोन ट्रान्सपॉन्डर होते, एक भारतीय आणि एक डच बनावटीचा. २०१४ पर्यंत त्यांनी साथ दिली.