रुमाल न टाकता धरलेली जागा

आमच्या नेरूळच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मागच्या महिन्यात एक फॉरवर्ड आला: ‘लॅपटॉपचा आयपी ॲड्रेस फिक्स करा, नेटचा स्पीड दुप्पट होईल.’ तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी सूचना वाचून तसं केलं. दोन आठवडे काही बिघडलं नाही. मग एका संध्याकाळी लॅपटॉप उघडला, तर आयपी ॲड्रेसची टक्कर झाल्याचा इशारा आला आणि नेट बंद. ‘आपल्या वायफायमध्ये कोणीतरी घुसलंय,’ म्हणून त्यांनी मला वर बोलावलं. घुसलेलं कोणी नव्हतं. काकूंच्या नव्या मोबाइलला राउटरने तोच पत्ता दिला होता, आणि तोही अगदी नियमाने.

आयपी ॲड्रेस म्हणजे नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राचा आकड्यांतला पत्ता. आधी स्पीडचं. पत्ता राउटरने दिलेला असो की हाताने लिहिलेला, डेटा त्याच वेगाने ये-जा करतो. वायफायला जोडताना पत्ता मागण्यात जाणारा क्षण वाचतो, एवढंच. त्याच ग्रुपवर राउटर ईशान्येला ठेवण्याचा वास्तुसल्लाही फिरत होता. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर. तिला ईशान्य-नैर्ऋत्य कळत नाही, काँक्रीटची भिंत मात्र तिला अडवते. तुमची ईशान्य दोन भिंतींपलीकडे असेल, तर हा सल्ला पाळून नेट मंदच होईल.

काकांनी लिहिलेला पत्ता होता १९२.१६८.१.५. १९८१ साली ठरलेल्या आयपीच्या चौथ्या आवृत्तीत पत्ता ३२ बिटांचा असतो, म्हणजे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. ते जगाला पुरणार नाहीत हे दिसू लागलं, तेव्हा १९९०च्या दशकात काही पट्टे खासगी वापरासाठी राखून ठेवले गेले. १९२.१६८ने सुरू होणारे पत्ते त्यातलेच. नवी मुंबईत राहणाऱ्याला हे पटकन कळेल. सेक्टर १५ वाशीत आहे, ऐरोलीत आहे, बेलापूरला आहे आणि खारघरलाही आहे. रिक्षावाल्याला नोड, म्हणजे वाशी की ऐरोली, सांगितला नाही, तर नुसत्या ‘सेक्टर १५’ला अर्थ नाही. तसाच १९२.१६८.१.५ असंख्य घरांत एकाच वेळी नांदतो. बाहेर पडताना राउटर त्याच्या जागी बाहेर चालणारा पत्ता लावतो. इंटरनेट कंपन्या जादा पैसे घेऊन जो ‘स्टॅटिक आयपी’ देतात, तो हा बाहेरचा पत्ता. काकांनी फिक्स केलेला नुसता घरातला.

घरातले पत्ते राउटर डीएचसीपी नावाच्या पद्धतीने वाटतो, ठरावीक मुदतीच्या भाडेकराराने. कोणाला काय दिलं त्याची नोंद तो ठेवतो. निम्मी मुदत संपली की यंत्र आपणहून नूतनीकरण मागतं, त्यामुळे बहुतेक वेळा तोच पत्ता पुढे चालू राहतो. काकांच्या पत्त्याचा मात्र करारच झालेला नव्हता. राउटरच्या वहीत १९२.१६८.१.५ मोकळाच होता.

आता मला ज्याचं सर्वांत अप्रूप वाटतं, ते. लॅपटॉप हाताने लिहिलेला पत्तासुद्धा आंधळेपणाने वापरायला घेत नाही. डेव्हिड प्लमर यांनी १९८२ साली एआरपी नावाची पद्धत मांडली. तिच्यात एखादं यंत्र सगळ्या नेटवर्कला हाक मारतं, ‘१९२.१६८.१.५ कोण आहे?’ ज्याचा तो पत्ता, तो आपला ४८ बिटांचा मॅक ॲड्रेस, म्हणजे यंत्राच्या हार्डवेअरचा पत्ता, कळवतो. विचारणाऱ्याचे पत्ते हाकेतच लिहिलेले असतात आणि ऐकणारे ते पाहून, कोणता आयपी कोणत्या मॅकचा याच्या आपल्या तक्त्यातली नोंद बदलू शकतात. इथेच पेच होता. पत्ता घेण्याआधी ‘इथे कोणी आहे का?’ असं विचारताना लॅपटॉपने तोच पत्ता स्वतःचा म्हणून लिहिला, तर बाकीच्यांच्या तक्त्यात ती नोंद होईल आणि खऱ्या मालकाचा डेटा भलतीकडे वळेल. विचारण्यानेच नुकसान! म्हणून स्टुअर्ट चेशायर यांनी २००८ साली लिहिलेल्या नियमात हाक मारणाऱ्याने स्वतःच्या आयपीच्या जागी ०.०.०.० लिहायचं असतं. एक-दोन सेकंदांच्या अंतराने तीनदा विचारायचं, थोडं थांबायचं, कोणीच बोललं नाही तर ‘हा पत्ता माझा’ अशी दोनदा घोषणा करायची. किती सभ्य रचना आहे ही!

पण उत्तर द्यायला यंत्र जागं लागतं. लोकलमध्ये निदान रुमाल टाकून जागा धरता येते. लॅपटॉप बंद झाला की त्याच्या पत्त्यावर रुमालही उरत नाही. त्या दुपारी काकांचा लॅपटॉप बंद होता. नवा मोबाइल आला, राउटरने वही पाहिली आणि मोकळा पत्ता देऊन टाकला. मोबाइलने तीनदा विचारलं असेल, तरी उत्तर द्यायला कोणी नव्हतं. संध्याकाळी लॅपटॉपने हाक मारली तेव्हा मोबाइल म्हणाला, ‘मी आहे.’ लॅपटॉप मागे सरला आणि त्याने १६९.२५४ने सुरू होणारा तात्पुरता पत्ता घेतला. त्या पत्त्यावरचा डेटा राउटर पुढे पाठवत नाही, म्हणून नेट बंद.

पत्ता फिक्स करायचाच असेल, उदाहरणार्थ घरातल्या दुसऱ्या यंत्राला लॅपटॉपवरचं फोल्डर नेमकं सापडावं म्हणून, तर आधी राउटरच्या सेटिंगच्या पानावर डीएचसीपीची रेंज, म्हणजे राउटर कुठून कुठपर्यंतचे पत्ते वाटतो ते, बघा. आम्ही ती (पत्त्याचा शेवटचा आकडा) १०० ते १९९ केली आणि काकांना तिच्याबाहेरचा २० क्रमांक दिला. विंडोज ११मध्ये वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये आयपी असाइनमेंट ‘मॅन्युअल’ करून पत्ता, सबनेट मास्क (पत्त्याचा कोणता भाग नेटवर्कचा ते सांगणारा आकडा) २५५.२५५.२५५.०, गेटवे (बाहेर पडायचं दार) म्हणून राउटरचा पत्ता आणि डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आयपी शोधणाऱ्या सर्व्हरचा पत्ता) भरायचा. लॅपटॉप ऑफिसला नेता आणि तिथल्या नेटवर्कचे पत्ते १०ने सुरू होत असले, तर हा भरलेला पत्ता तिथे कामाचा नाही.

याहून सरस उपाय म्हणजे लॅपटॉप ‘ऑटोमॅटिक’वरच ठेवून राउटरमध्ये त्याच्या मॅक ॲड्रेसच्या नावाने पत्ता राखून ठेवणे. मग नोंद वहीतच होते आणि लॅपटॉप बंद असला तरी तो पत्ता दुसऱ्याला जात नाही. त्यासाठी वायफायच्या सेटिंगमधला रँडम हार्डवेअर ॲड्रेस (खऱ्याऐवजी बदलता मॅक ॲड्रेस दाखवण्याची सोय) बंद हवा, नाहीतर राउटर लॅपटॉपला ओळखणार नाही. काकांचा बंदच होता. प्रिंटरचा पत्ताही त्याच बैठकीत राखून टाकला.