दोन अहमदशहा: एक पानिपतावर बादशहा झाला, दुसरा पानिपतावर लढला

एप्रिल १७५२ मध्ये दिल्लीचा वजीर सफदरजंग याने मराठ्यांशी करार केला. पन्नास लाख रुपये घ्या, अजमेर आणि आग्र्याची सुभेदारी घ्या, आणि अहमदशहाला अहमदशहापासून वाचवा! हे वाक्य नीट कळल्याशिवाय मराठे पुढे पानिपतापर्यंत का गेले ते कळत नाही, म्हणून ही दोन माणसे आधी वेगळी करून घेऊ.

दोघे जवळपास एकाच वयाचे. अहमदशहा अब्दाली हा नादिरशहाच्या फौजेतला सरदार. १७४७ मध्ये नादिरशहाचा खून झाला आणि कंदाहारला पठाण टोळ्यांनी या पंचविशीतल्या तरुणाला आपला राजा केले. ‘दुर्रे दुर्रान’, म्हणजे मोत्यांतला मोती, ही पदवी त्याने घेतली. त्यावरून त्याचे घराणे दुर्रानी झाले.

दुसरा अहमदशहा बहादूर. मोगल बादशहा मुहम्मदशहाचा हा मुलगा जनानखान्यात वाढला. वयाच्या बाविसाव्या वर्षापर्यंत त्याला कुणी ना राज्यकारभार शिकवला, ना लढाई.

मार्च १७४८ मध्ये हे दोघे खरोखरच समोरासमोर आले, सरहिंदजवळ मनुपूरला. मोगल फौजेचे सेनापतिपद शहजाद्याकडे असले तरी ते नावापुरतेच. वजीर कमरुद्दीनखान तोफेचा गोळा लागून तंबूतच गेला, पण त्याचा मुलगा मीर मन्नू हटला नाही. अब्दालीच्या अग्निबाणांच्या गाड्यांना आग लागली आणि त्याला माघार घ्यावी लागली. जिंकलेला शहजादा दिल्लीला परतत असताना वाटेत बाप गेल्याची खबर आली. सफदरजंगाने तिथेच त्याच्या डोक्यावर छत्र धरले. ते ठिकाण होते पानिपत.

यापुढे दोघांच्या वाटा किती वेगळ्या झाल्या ते नाण्यांवर दिसते. लाहोरच्या टांकसाळीतून दोघांचीही नाणी पडली आहेत. मोगलाच्या रुपयावर ‘अहमदशहा बहादूर बादशहा गाझी’ असा नेहमीचा ठरीव मजकूर. अब्दालीच्या नाण्यावर मात्र फारसी काव्यपंक्ती: परमेश्वराचा अहमद पातशहाला हुकूम झाला, तळाच्या माशापासून वरच्या चंद्रापर्यंत सोन्याचांदीवर शिक्का मार. एकाला नाव वारशाने मिळाले होते, दुसरा ते तलवारीने कमावत होता.

दिल्लीत सत्ता बादशहाची आई उधमबाई (कुदसिया बेगम) आणि खोजा (जनानखान्यावरचा नपुंसक अधिकारी) जावेदखान यांच्या हाती होती. शिपायांच्या तनखा थकल्या होत्या. वैतागलेल्या शिपायांनी एकदा महालाच्या दाराशी गाढव आणि कुत्री बांधली आणि येणाऱ्या उमरावांना सांगितले, आधी यांना मुजरा करा: हे नवाब बहादूर, या हजरत कुदसिया. जावेदखानाला नवाब बहादूर ही पदवी होती. बादशाहीचा धाक किती उरला होता, हे मला कुठल्याही लढाईच्या वर्णनापेक्षा या प्रसंगात जास्त दिसते.

करार झाला त्याच सुमारास बादशहाने लाहोर आणि मुलतान अब्दालीला देऊनही टाकले. वजिराने आणलेल्या मराठी फौजेला काम उरले नाही. ऑगस्टमध्ये सफदरजंगाने जावेदखानाला जेवायला बोलावून मारले. पुढच्या वर्षी वजीर आणि तरुण सरदार इमादुल्मुल्क यांच्यात दिल्लीतच युद्ध पेटले, आणि सफदरजंगाने तर आपला वेगळाच बादशहाही उभा केला! अखेर हरून तो अवधला निघून गेला.

पुढचा भाग आपल्याला अवघड वाटला तरी सांगायला हवा. मे १७५४ मध्ये दिल्लीजवळच्या सिकंदराबादला बादशहाच्या छावणीवर मल्हारराव होळकरांनी रात्री छापा घातला. दोनच महिन्यांपूर्वी जाटांच्या कुंभेरी किल्ल्याच्या वेढ्यात त्यांचा मुलगा खंडेराव पडला होता. बादशहा आईला घेऊन दिल्लीला पळाला; जनानखाना मागे राहिला आणि मराठ्यांच्या हाती पडला. ज्याच्या रक्षणाचा करार, त्याच्याच छावणीवर हा छापा. २ जूनला मराठ्यांच्या जोरावर इमादने वजिरी मिळवली, त्याच दिवशी अहमदशहाला उतरवून आलमगीर दुसरा याला तख्तावर बसवले, आणि थोड्याच दिवसांत मायलेकांचे डोळे काढले.

म्हणून वाचताना एक खूण लक्षात ठेवावी: १७४८ ते १७५४ या काळात ‘दिल्लीचा बादशहा अहमदशहा’ दिसला तर तो मोगल. १७५४ नंतर फौज घेऊन येणारा अहमदशहा अब्दालीच.

दोघांत एक नातेही जुळले. १७५७ मध्ये दिल्ली लुटताना अब्दालीने मुहम्मदशहाची मुलगी हजरत बेगम हिच्याशी लग्न केले. ती आंधळ्या अहमदशहाची सावत्र बहीण. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर भाऊसाहेबांसमोर अब्दाली उभा होता, तेव्हा हा मेहुणा दिल्लीत कैदेत होता. अब्दाली १७७२ मध्ये वारला. दिल्लीचा अहमदशहा कैदेतच १७७५ पर्यंत जगला.