सहा श्वासांचं मिनिट

दिवेलागणीला आजी वाती वळायला बसायची. डाव्या हातात कापूस, उजव्या हाताच्या बोटांना चिमूटभर राख, आणि मांडीवर एकेक वात लांब होत जायची. ओठ हलत असायचे. ‘रामकृष्णहरी’ चार वेळा, मग एक श्वास आत, की पुन्हा चार वेळा. बारावीत असताना जीवशास्त्राच्या वहीसाठी मी घरातल्या सगळ्यांचे श्वास मोजले होते. बाबांचे मिनिटाला १६ भरले, माझे १७. वाती वळताना आजीचे ६. मला वाटलं, आपलंच मोजायला चुकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा घड्याळ घेऊन बसलो. कधी ६, फार तर ७. पुस्तकात १२ ते १८ असं छापलेलं होतं, म्हणून आजीचा आकडा मी वहीत लिहिलाच नाही.

तो आकडा बरोबर होता. त्यामागे शरीराचं केवढं मोठं गणित आहे, हे कळायला मध्ये बरीच वर्षं गेली.

डिसेंबर २००१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये इटलीतल्या लुचियानो बर्नार्डी या डॉक्टरांचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध आला. त्यांनी २३ निरोगी माणसांना दोन गोष्टी म्हणायला लावल्या. एक, कॅथलिक जपमाळेतली ‘आवे मारिया’ ही लॅटिन प्रार्थना. दुसरी, ‘ओम मणि पद्मे’चा बौद्ध मंत्र. म्हणताना त्यांचा श्वास, हृदयाचे ठोके आणि रक्तदाब यांची सतत नोंद घेतली. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, उच्चार वेगळे. तरी दोन्हींत श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येऊन स्थिरावला. नुसतं बोलत राहिल्यावर अशी लय लागत नव्हती. म्हणजे ओठ हलल्यामुळे हे घडत नव्हतं, ठरावीक लांबीचं तेच ते म्हटल्यामुळे घडत होतं.

सहाच का? इथे थोडं शरीराच्या आत जायला हवं.

उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला ठेवा. नाडी लागली की सावकाश श्वास घ्या, आणि त्याहून सावकाश सोडा. चारपाच वेळा असं केलंत की बहुतेकांना एक गोष्ट जाणवते: श्वास आत घेताना ठोके जरा घाईने पडतात, सोडताना त्यांच्यातलं अंतर वाढतं. तरुण माणसात हे जास्त ठळक असतं, वयानुसार कमी होत जातं. करोनाच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर अजून अनेकांच्या घरी खणात पडलेला असेल. पण तो काही ठोक्यांची सरासरी काढून आकडा दाखवतो, त्यामुळे ही बारीक चढउतार त्यात पुसट होते. बोटंच बरी. हृदय घड्याळासारखं एकसारखं टिकटिकत नाही, श्वासाबरोबर झुलतं, हे कार्ल लुडविग या जर्मन शास्त्रज्ञाने १८४७ मध्येच नोंदवून ठेवलंय. असं झुलणं निरोगीपणाचं लक्षण आहे.

हृदयाला झुलवणारी नस (रक्ताची नव्हे, मज्जातंतू) म्हणजे व्हेगस. लॅटिनमध्ये व्हेगस म्हणजे भटकी. मेंदूच्या बुंध्यातून निघून ती मानेतून खाली उतरते आणि हृदय, फुप्फुसं, जठर, आतडी असं सगळीकडे फिरून येते. हृदयावर तिचं काम ब्रेकचं. श्वास घेताना ब्रेक थोडा सैल होतो, सोडताना पुन्हा लागतो. हा ब्रेक नेमका कसा लागतो हे ऑटो लोव्ही यांनी १९२१ मध्ये जाहीर केलेल्या प्रयोगाने दाखवलं, आणि ती गोष्ट मला विज्ञानाच्या इतिहासातल्या सगळ्यात लोभस गोष्टींपैकी एक वाटते. प्रयोगाची कल्पना लोव्हींना रात्री झोपेत सुचली. अर्धवट जागे होऊन त्यांनी ती कागदावर खरडली आणि पुन्हा झोपले. सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना. दुसऱ्या रात्री तीच कल्पना पुन्हा आली, तेव्हा मात्र ते उठून सरळ प्रयोगशाळेत गेले. बेडकाची दोन हृदयं खारट द्रावणात ठेवली. पहिल्याची व्हेगस चेतवली, ते मंदावलं. मग त्याच्याभोवतीचं द्रावण काढून दुसऱ्या हृदयावर सोडलं. त्या हृदयाला कुठली नस जोडलेली नव्हती, तरी तेही मंदावलं! म्हणजे नसेच्या टोकाशी काहीतरी पाझरत होतं. ते द्रव्य पुढे अ‍ॅसिटिलकोलिन म्हणून ओळखलं गेलं आणि १९३६ मध्ये लोव्ही व हेन्री डेल यांना नोबेल मिळालं. सावकाश श्वास सोडताना आपल्या हृदयाशी तेच द्रव्य पाझरत असतं.

आता त्या सहा आकड्याकडे वळू. मानेतल्या मुख्य रोहिणीत आणि हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीच्या कमानीत रक्तदाब जोखणारे पहारेकरी असतात. दाब वाढला की ते मेंदूला कळवतात, मेंदू हृदयाला मंद करतो आणि रक्तवाहिन्या सैलावतो. दाब उतरला की उलट. पण निरोप जाऊन रक्तवाहिन्या हालेपर्यंत काही सेकंद जातात, त्यामुळे दुरुस्ती दर वेळी थोडी उशिरा पोचते आणि दाब हलकेच वरखाली होत राहतो. साधारण दर १० सेकंदांनी एक लाट. १८७६ मध्ये झिगमुंड मायर यांनी ती वर्णन केली म्हणून तिला मायर लहरी म्हणतात.

१० सेकंदांना एक लाट म्हणजे मिनिटाला सहा. आणि जप म्हणणाऱ्याचा श्वासही मिनिटाला सहा.

माजघरातला झोपाळा आठवा. त्याची स्वतःची एक लय असते. पायाचा रेटा त्या लयीला धरून दिला तर जराशा जोरानेही झोका उंच जातो; भलत्या वेळी दिला तर अडखळतो. रक्तदाबाची लाट हा झोपाळा, श्वास हा पायाचा रेटा. मिनिटाला १५–१६ श्वास घेताना दोघांचं जुळत नाही. सहावर आलो की जुळतं, आणि हृदयाचं झुलणं एकदम मोठं होतं. बर्नार्डींच्या नोंदींत हेच दिसलं. शिवाय दाब सांभाळणारी ती यंत्रणा जास्त चटपटीत झाली. आधी दाब पाऱ्याच्या १ मिलिमीटरने वाढला की दोन ठोक्यांमधलं अंतर सरासरी ९.५ मिलिसेकंदांनी लांबायचं. जप चालू असताना ते ११.५ मिलिसेकंदांनी लांबायला लागलं.

आजीच्या चार ‘रामकृष्णहरी’ना साधारण सात सेकंद लागायचे. श्वास आत घ्यायला तीन.

हे वाचल्यावर मी पहिल्यांदा विचार केला तो माळेचा. जपमाळ एका वेळी एकट्याने ओढली जाते, पण गोव्यातल्या कॅथलिक घरांत संध्याकाळी अख्खं कुटुंब गुडघे टेकून तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणतं. एकाने अर्धी प्रार्थना म्हणायची, बाकीच्यांनी उरलेली अर्धी. एक म्हणतो तेव्हा दुसऱ्यांना श्वास घ्यायला उसंत मिळते. इटलीतल्या त्या प्रयोगातही प्रार्थना अशीच दोघांत वाटून म्हटली होती. आणि आपल्याकडे भजनात काय होतं? बुवा चरण म्हणतात, मागचे झील धरतात. म्हणताना श्वास बाहेर, ऐकताना आत. टाळ-मृदंग त्या श्वासाला घसरू देत नाहीत. स्वीडनमधल्या गॉथेनबर्गच्या संशोधकांनी २०१३ मध्ये एकत्र गाणाऱ्या मुलामुलींच्या हृदयाचे ठोके नोंदले, तेव्हा सावकाश, ठरावीक जागी श्वास घ्यायला लावणारं गाणं गाताना सगळ्यांच्या हृदयांची गती एकदम वाढत आणि एकदम उतरत होती. रात्रभर भजन करून पहाटे उठलेली माणसं जागरणाने गळून न जाता उजळलेली दिसतात, याचं मला लहानपणी नवल वाटायचं. आता थोडं कमी वाटतं, आणि आदर मात्र वाढलाय.

पण श्वास संथ झाला म्हणजे मन शांत झालं का? हा प्रश्न टाळून चालणार नाही. मन शांत झालं की श्वास संथ होतो, हे सगळ्यांना माहीत आहे. उलट दिशेने, श्वासाकडून मनाकडे, खरोखर तार गेलेली आहे का? २०१७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या प्रयोगाने ती तार दाखवली. मेंदूच्या बुंध्यात श्वासाचा ताल धरणारा पेशींचा एक पुंजका असतो. उंदरांमध्ये त्यातल्या सुमारे १७५ पेशींचा एक छोटा गट सापडला. त्यांच्यापासून निघालेल्या तारा मेंदूच्या अशा भागाला जातात, जो आपल्याला दचकवतो, सावध करतो, घाबरवतो. या मोजक्या पेशी काढून टाकल्यावर उंदरांचा श्वास चालूच राहिला, फक्त संथ झाला. आणि एरवी नव्या पिंजऱ्यात सोडल्यावर सैरावैरा हुंगत फिरणारे ते उंदीर निवांत बसून स्वतःचं अंग चाटू लागले. श्वास मेंदूला सतत खबर देत असतो: घाई आहे, किंवा घाई नाही.

माणसाला उंदराएवढं सोपं नाही, कारण माणसाला उद्या असतो आणि काल असतो. २०१० मध्ये हार्वर्डच्या किलिंग्सवर्थ आणि गिल्बर्ट यांनी २,२५० लोकांना दिवसात अवेळी फोनवरून विचारलं, आत्ता काय करताय, मन कुठे आहे, बरं वाटतंय का? ४६.९ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतंच. आणि मन भरकटलेलं असताना माणसं कमी आनंदी होती, मग हातातलं काम आवडीचं असो की नावडीचं. भांडी घासतानाही, मन भांड्यांवर असेल तर बरं वाटतं! जप करणाऱ्याचं मन भरकटत नाही असं मुळीच नाही. आजी मध्येच ‘दूध झाकलंय का गं?’ असं विचारायची. पण परत यायला तिला एक ठरलेली जागा होती, आणि तिथे परतण्याचा सराव रोज संध्याकाळी व्हायचा.

महाराष्ट्राने या विषयाकडे प्रयोगशाळेच्या नजरेने फार लवकर पाहिलं, ही अभिमानाची गोष्ट आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केलं. योगक्रियांच्या वेळी शरीरातले दाब किती बदलतात, क्ष-किरणांत काय दिसतं, हे ते मोजत होते. श्रद्धा असलेल्या माणसाने मोजायला घाबरू नये, ही त्यांची भूमिका मला आजही फार मोलाची वाटते.

ॐकारातल्या शेवटच्या ‘म’चंही असंच. ओठ मिटून गुणगुणताना नाकाच्या पोकळ्यांतून नायट्रिक ऑक्साइड हा वायू नेहमीच्या उच्छ्वासापेक्षा १५ पट जास्त बाहेर येतो, असं स्वीडनमधल्या संशोधकांनी २००२ मध्ये मोजलं. या वायूने रक्तवाहिन्या सैलावतात. मात्र तेवढ्यावरून ‘भ्रामरी (गुणगुणण्याचा प्राणायाम) केली की अमुक आजार बरा’ असं जे फॉरवर्ड फिरतं, त्यावर विश्वास ठेवू नका. बर्नार्डींचा प्रयोग २३ निरोगी माणसांवरचा, काही मिनिटांचा होता. रक्तदाबाची गोळी जपाने बंद करायची नसते. ज्यांना अचानक धाप लागून घाबरायला होतं, त्यांना श्वासाकडे लक्ष दिल्यावर कधी कधी जास्तच घुसमटतं. त्यांनी ओढूनताणून करू नये.

आणि एक गोष्ट यंत्रात येत नाही. मंत्र आणि प्रार्थना दोन्हींनी हृदय सारखंच झुललं, म्हणजे शरीराने कुठला देव ते विचारलं नाही. पण आजीला नुसतं ‘एक, दोन, तीन, चार’ म्हणायला सांगितलं असतं तर तिने ते ६० वर्षं रोज म्हटलं असतं, असं मला वाटत नाही. प्रेमाशिवाय माणूस कुठलीच गोष्ट इतकी वर्षं करत नाही. श्वास संथ होण्याचा भाग विज्ञानाने उलगडला. रोज दिवेलागणीला तिला पाटाकडे ओढून आणणारा भाग त्या नावात होता.

आजीचा पाट आता माझ्याकडे आहे. वाती बाजारातून तयार येतात, त्यामुळे मी माझी वेळ दुसरीकडे शोधली. सकाळी कुकर चढवला की पहिली शिट्टी व्हायला सहासात मिनिटं लागतात. तेवढा वेळ मी ओट्यापाशी उभा राहतो, फोन बाहेरच्या खोलीत ठेवून. तेच नाव, चार वेळा, मग श्वास. पहिले दहाबारा श्वास डोक्यात ऑफिसच चालू असतं. कुकरमधून वाफेची पहिली सुरसुर ऐकू येते तोवर खांदे आपोआप खाली आलेले असतात. परवा शिट्टीच्या आधीच मुलगी येऊन शेजारी उभी राहिली, माझं मनगट धरलं आणि दोन बोटं नाडीवर ठेवून ओठांतल्या ओठांत मोजायला लागली.