दंडाचा अधिकार कोणाच्या हाती?

कालव्याच्या तोंडाशी ज्याची जमीन आहे, त्याने आपल्या पाळीपेक्षा तासभर जास्त पाणी घेतलं तर त्याचं काहीच बिघडत नाही. बिघडतं ते टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याचं. टेलवाल्याला पाणी पोहोचलं नाही की तो कालव्याची गाळकाढणी करायला येत नाही, पाणीपट्टीही भरत नाही. दोन-चार हंगामांत कालवा गाळाने भरतो आणि मग वरच्यालाही पाणी कमी पडू लागतं. जिथे सगळ्यांच्या मालकीचं काही सगळ्यांनी मिळून राखायचं असतं, तिथे हा प्रश्न येतोच. माणूस मुळात स्वार्थी, त्याला धाकच हवा, असं एक उत्तर नेहमी ऐकू येतं. माणूस मुळात चांगला, त्याला मोकळं सोडा, हे दुसरं. गेल्या तीसेक वर्षांत हा प्रश्न प्रयोगांनी तपासला गेला आहे, आणि हाती आलेली उत्तरं या दोन्हींपेक्षा कितीतरी उपयोगी आहेत.

प्रयोगाची मांडणी साधी आहे. चार अनोळखी माणसं संगणकावर बसतात. कोण कोणाच्या गटात आहे ते कळत नाही. प्रत्येकाला २० टोकन मिळतात आणि शेवटी त्यांचे खरे पैसे होतात. त्यातली हवी तेवढी स्वतःकडे ठेवायची, उरलेली सामायिक निधीत टाकायची. निधीत पडलेल्या प्रत्येक टोकनामागे चौघांनाही ०.४ टोकन मिळतं, टाकणाऱ्यालाही आणि न टाकणाऱ्यालाही. म्हणजे टाकलेल्या एका टोकनाचे गटासाठी १.६ होतात, पण टाकणाऱ्याच्या हाती ०.४ च परत येतं. चौघांनी सगळं टाकलं तर प्रत्येकाला ३२ मिळतात. कोणीच काही टाकलं नाही तर प्रत्येकाकडे मूळचे २० राहतात. तिघांनी सगळं टाकलं आणि चौथ्याने हात आखडला, तर तिघांना २४ आणि चौथ्याला ४४. या ४४ मध्ये सगळी गोम आहे.

पहिल्या फेरीत लोक साधारण निम्मी टोकन टाकतात. पुढे हा आकडा फेरीगणिक उतरतो आणि दहाव्या फेरीपर्यंत निधी जवळपास कोरडा पडतो. यावरून सगळे आतून स्वार्थी आहेत, असा निष्कर्ष काढणं सोपं होतं. ऊर्स फिशबाखर, सायमन गेख्टर आणि एर्न्स्ट फेअर यांनी २००१ मध्ये तो तपासून पाहिला. त्यांनी प्रत्येकाला विचारलं, ‘इतरांनी सरासरी इतकी टाकली तर तुम्ही किती टाकाल?’, आणि शून्यापासून २० पर्यंत प्रत्येक शक्यतेचं उत्तर भरून घेतलं. जवळजवळ निम्मे लोक ‘इतर देतील तसं मी देईन’ या जातीचे निघाले. इतरांनी काहीही केलं तरी शून्यच टाकणारे, म्हणजे निखळ फुकटे, सुमारे ३० टक्के होते.

निधी का आटतो ते या दोन आकड्यांवरून कळतं. फुकटे अल्पमतात असतात, पण त्यांना पाहून देणारे हात आखडतात. शिवाय हे देणारेही इतरांच्या सरासरीपेक्षा थोडं कमीच देतात, त्यामुळे उतरण सुरू झाली की थांबत नाही. देणाऱ्याचा राग व्यक्त करायला या खेळात एकच मार्ग आहे, तो म्हणजे स्वतःही न देणं. त्याचा फटका फुकट्याबरोबर प्रामाणिक माणसालाही बसतो. पाणी न मिळालेला टेलवाला पाणीपट्टी भरत नाही, तेव्हा तो हेच करत असतो.

म्हणून खेळात एक कलम वाढवलं गेलं. फेरी संपली की कोणी किती टाकलं ते दिसतं आणि हवं तर दुसऱ्याला दंड करता येतो. एक टोकन खर्चायचं, समोरच्याची तीन कापली जातात. फेअर आणि गेख्टर यांच्या २००२ च्या प्रयोगात २४० विद्यार्थी होते आणि दर फेरीला गट असे बदलत, की एकदा भेटलेला माणूस पुन्हा गाठ पडत नसे. त्यामुळे दंड करून स्वतःचा काही फायदा होण्याची शक्यताच नव्हती. तरीही दहापैकी आठांहून अधिक जणांनी एकदा तरी पदरचे पैसे घालून दंड केला, आणि बहुतेक दंड सरासरीपेक्षा कमी देणाऱ्यांनाच झाला. उतरणारा आकडा चढू लागला. अन्याय करणाऱ्याला भोगायला लावावं, ही ऊर्मी माणसात इतकी खोल आहे की तो तिच्यासाठी स्वतःचं नुकसान सोसतो.

हा निकाल वाचून दंडाचं गुणगान बरंच झालं. पण हिशेब नीट पाहिला तर सुरुवातीच्या फेऱ्यांत दंडाचा खर्चच इतका होतो, की वाढलेल्या सहकार्याचा नफा त्यात बुडतो. खेळ ५० फेऱ्यांचा ठेवला तेव्हा चित्र पालटलं. काही फेऱ्यांनंतर दंड होऊ शकतो एवढं पुरलं, तो वापरायची वेळ क्वचितच आली. ज्या व्यवस्थेत रोज दंड करावा लागतो ती अजून बसलेली नाही, असं यावरून ओळखावं.

दंड बिघडतो कसा, हेही प्रयोगांतून दिसलं. बेनेडिक्ट हेरमन, क्रिस्टियन थ्योनी आणि गेख्टर यांनी हाच खेळ बोस्टन, कोपनहेगन, चेंगदू, सोल, इस्तंबूल, अथेन्स, मस्कत अशा १६ शहरांत १,१२० विद्यार्थ्यांकडून खेळवला. नियम सारखे, टोकन सारखी, पडद्यावरची मांडणीही सारखी. २००८ मध्ये निकाल आले. दंडाची सोय असताना बोस्टनमध्ये सरासरी योगदान २० पैकी १८ पर्यंत गेलं, अथेन्समध्ये ते सहाच्या आसपास रेंगाळलं. फुकट्यांना दंड सगळीकडे होत होता. फरक पडला तो उलट्या दंडाने. काही शहरांत लोक स्वतःइतकं किंवा स्वतःहून जास्त देणाऱ्यालाही दंड करत होते. आदल्या फेरीतल्या दंडाचा तो सूड असावा, किंवा फार चांगलं वागून इतरांना कमीपणा आणणाऱ्याला धडा शिकवणं. ज्या समाजांत कायद्याच्या राज्यावरचा विश्वास कमी आणि करबुडवेगिरीकडे काणाडोळा जास्त, तिथे हा उलटा दंडही जास्त होता.

निकोस निकिफोराकिस यांनी त्याच वर्षी सुडाची वाट उघडपणे खुली करून पाहिली. दंड झालेल्याला कोणी दंड केला ते कळत होतं आणि त्याला उलट दंड करता येत होता. जवळपास एक चतुर्थांश दंडांना प्रत्युत्तर मिळालं, दंड करायला लोक कचरू लागले आणि योगदान कोसळलं. गावात ज्याची दहशत असते त्याला कोणी बोलत का नाही, याचं कारण इथे मोजून मिळतं. दंड करणारा एकटा आणि उघड्यावर असेल, तर चोराच्या भीतीने साव गप्प बसतो.

तेव्हा दंडाचा अधिकार व्यक्तीकडून काढून व्यवस्थेकडे द्यायला हवा. पण कोणत्या व्यवस्थेकडे? जर्मनीतल्या एका प्रयोगात ८४ जणांना ३० फेऱ्यांत दर वेळी निवड दिली गेली: दंड असलेल्या गटात जायचं की नसलेल्या. सुरुवातीला जेमतेम तिसरा हिस्सा दंडाच्या गटात गेला. शेवटी जवळपास सगळेच तिथे होते, कारण दंड नसलेला गट डोळ्यांदेखत कंगाल होताना त्यांनी पाहिला होता. नियम स्वतः निवडला होता, म्हणून त्याला वजन आलं.

याहून थेट पुरावा युगांडातला आहे. डेलिया बाल्दासारी आणि गाय ग्रॉसमन यांनी ५० शेतकरी संघांमधल्या १,५४३ शेतकऱ्यांबरोबर हाच खेळ घेतला. काही गटांत दंड करणारा देखरेख्या चिठ्ठी टाकून नेमला, काहींत गटाने मतदानाने निवडला. दोघांचे अधिकार तंतोतंत सारखे होते. निवडलेल्या देखरेख्याच्या हाताखाली शेतकऱ्यांनी जास्त टाकलं. सत्ता तेवढीच, पण ती कुठून आली यावर लोकांचं वागणं बदललं. राज्यशास्त्रात अधिमान्यता म्हणून जे शिकवतात ते इथे टोकनांत मोजलं गेलं आहे, आणि माझ्या मते या सगळ्या संशोधनातला हा सर्वांत मोलाचा निकाल आहे.

बाहेरून लादलेला, पण दुबळा अधिकार तर नसलेल्याहून वाईट ठरू शकतो. कोलंबियाच्या खेड्यांत हुआन-कामिलो कार्देनास आणि सहकाऱ्यांनी जंगलातून सरपण आणण्यावर बेतलेला खेळ घेतला. काही गटांवर सरकारी नियमासारखा नियम लावला: इतकंच सरपण आणायचं, जास्त आणलं आणि तपासणीत सापडलात तर दंड. सापडण्याची शक्यता होती सोळात एक. पहिल्या काही फेऱ्यांत लोक सावरले. मग तपासणी क्वचितच होते हे लक्षात आलं आणि प्रत्येकजण फक्त आपला फायदा बघू लागला. दुसऱ्या गटांना नियम नव्हता, फक्त दर फेरीआधी आपसांत बोलायची मुभा होती. त्यांनी जंगल जास्त चांगलं राखलं. नियम येण्याआधी माणूस ‘हे बरोबर आहे का’ असं स्वतःला विचारत होता. नियम आल्यावर ‘सापडेन का’ एवढंच विचारू लागला.

इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या दहा पाळणाघरांत १९९८ मध्ये उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी यांनी असंच काहीसं पाहिलं. मुलांना न्यायला पालक उशिरा येत. पहिले चार आठवडे नुसती नोंद ठेवली. मग सहा पाळणाघरांत दहा मिनिटांहून जास्त उशिराला दहा शेकेल दंड लावला. उशीर वाढत वाढत दुपटीच्या घरात गेला, कारण बाईंना ताटकळत ठेवल्याचा संकोच आता पैसे भरून फेडता येत होता. सतराव्या आठवड्यात दंड उठवला, पण उशीर कमी झाला नाही. गेलेला संकोच परत आला नाही. सोसायटीत चुकीच्या जागी गाडी लावणाऱ्याला शंभर रुपये दंड ठरवणाऱ्या समितीने हा प्रयोग जरूर लक्षात घ्यावा. एवढ्याशा रकमेत ती पार्किंगचं भाडं ठरवून बसते.

प्रयोगशाळेबाहेर हे सगळं एकत्र नांदताना पाहायचं तर धुळे आणि नाशिक जिल्ह्यांतली फड पद्धत पाहावी. पांझरा, मोसम, आरम अशा तापी खोऱ्यातल्या नद्यांवर लहान बंधारे आणि त्यांतून निघणारे दोन ते बारा किलोमीटरचे कालवे, ही रचना तीन-चारशे वर्षांपूर्वीची. बंधाऱ्याखालच्या लाभक्षेत्राचे तीन-चार फड, म्हणजे मोठे भाग, पाडलेले असत. एका फडात त्या वर्षी एकच पीक: एकात ऊस, एकात हंगामी पीक, एखादा पडीक, आणि दर वर्षी ही पाळी फिरती. बहुतेक शेतकऱ्यांची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असे.

या शेवटच्या वाक्यात फार मोठं शहाणपण आहे. पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड भिजवायचाच नाही, असं ठरे. प्रत्येकाचा तुकडा त्या फडात असल्याने तूट आपोआप सगळ्यांत वाटली जाई. वरचा आणि टेलचा हा भेदच बराचसा पुसला जाई, कारण तोच माणूस एका फडात वर आणि दुसऱ्यात खाली असू शके. एका फडात एकच पीक असल्याने फडाची पाळी ठरवणं सोपं, आणि कोणी उसाचा चोरटा वाफा लावला तर तो लपत नसे. शेतकऱ्याने स्वतः बारं, म्हणजे पाणी शेतात घ्यायचं तोंड, फोडायचं नाही. ते काम पाटकऱ्याचं. पिकाची राखण जागल्याची. त्यांचा मोबदला शेतकरीच देत, म्हणून उत्तर द्यायचं ते शेतकऱ्यांना. हंगामाआधी कालव्याच्या साफसफाईला जमिनीच्या प्रमाणात श्रम द्यावे लागत. दंडाला फारसा वाव उरू नये, अशीच ही बांधणी होती.

एलिनॉर ऑस्ट्रम यांनी जगभरच्या अशा व्यवस्था अभ्यासल्या आणि त्याबद्दल त्यांना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. टिकलेल्या व्यवस्थांत त्यांना तीच लक्षणं पुन्हा पुन्हा दिसली: हक्कदार कोण हे स्पष्ट असणं, नियम बदलण्यात त्यांचा हात असणं, देखरेख करणारा त्यांना बांधील असणं, पहिल्या चुकीला हलका दंड आणि पुढे चढता, भांडण मिटवायची जवळची आणि स्वस्त जागा. स्वित्झर्लंडच्या टर्बेल गावात १५१७ पासून नियम आहे, की हिवाळ्यात घरी जेवढी गुरं पोसता येतील त्याहून जास्त उन्हाळ्यात सामायिक कुरणात सोडायची नाहीत. तिथे दंड करणाऱ्याला दंडातली निम्मी रक्कम मिळे, म्हणजे देखरेखीचा खर्चही भरून निघे. स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाचं पाण्याचं न्यायालय आजही दर गुरुवारी चर्चच्या दाराशी बसतं. न्यायाधीश शेतकऱ्यांनीच निवडलेले शेतकरी असतात आणि सारा निवाडा तोंडी, तिथल्या तिथे.

फड पद्धत मोडत गेली ती नियम वाईट होते म्हणून नव्हे. नद्यांच्या वरच्या अंगाला धरणं झाली आणि बंधाऱ्यात येणाऱ्या पाण्यावर गावाचा शब्द चालेना. त्यात विहिरी आणि पंप आले. ज्याच्या शेतात स्वतःचं पाणी आहे त्याला पाटकऱ्याची गरज नाही, फडात ठरलेलं पीक घेण्याची नाही आणि सफाईला जाण्याचीही नाही. पाळी बंद करू, हा पंचांच्या हातातला शेवटचा उपाय होता. तो विहीरवाल्यापुढे निकामी झाला, आणि नेमके तेच लोक बहुधा गावात वजनदार होते. २००५ च्या कायद्याने महाराष्ट्रात पाणीवापर संस्थांना पाणी मोजून घेण्याचा, आकारणीचा आणि आतल्या वाटपाचा अधिकार दिला आहे. त्यांच्यापुढेही अडचण तीच येते: सभासदाकडे पाण्याची दुसरी वाट असेल तर संस्थेचा ठराव त्याला बांधत नाही. जिथे संस्थांनी लाभक्षेत्रातल्या विहिरींनाही हिशेबात धरलं, कालव्याच्या पाझरानेच त्या भरतात हे मांडून त्यांच्याकडूनही आकार घेतला, तिथे विहीरवाल्यालाही सभेला येण्याचं कारण उरतं.