मनीऑर्डर अर्थव्यवस्था

मनीऑर्डर अर्थव्यवस्था : गावातल्या शेतीपेक्षा किंवा धंद्यापेक्षा गावाबाहेर कमावणाऱ्या माणसांनी धाडलेल्या पैशावर ज्या मुलखाचा संसार चालतो, त्याच्या अर्थव्यवस्थेला हे नाव आहे. महाराष्ट्रात ते मुख्यतः दक्षिण कोकणाला, म्हणजे आजच्या रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांना लावतात (१ मे १९८१ पर्यंत हा एकच रत्नागिरी जिल्हा होता). उत्तराखंडातील गढवाल-कुमाऊँबद्दलही हीच संज्ञा रूढ आहे. स्थलांतर आणि ग्रामविकास यांच्या अभ्यासात कोकणचे उदाहरण पुन्हापुन्हा निघते ते इथले स्थलांतर फार जुने असल्यामुळे. दीडशेहून अधिक वर्षे इथला कर्ता पुरुष मुंबईला आणि बाकीचे घर गावाला, अशी विभागणी चालत आली आहे.

मुंबईची ओढ हे त्याचे निम्मेच कारण. उरलेले निम्मे जमिनीत आहे. कोकणात पाऊस धो धो पडतो, पण तो चार महिन्यांचा. खाचरातले भात आणि वरकस, म्हणजे हलक्या डोंगरी उतारावरची नाचणी-वरी घरात आली की पुढे सात-आठ महिने शेतात काम नाही. त्यातही जमीन बहुतेकांची स्वतःची नव्हती. खोतीच्या पद्धतीत गावचा सारा गोळा करणारा खोत हाच गावचा खरा धनी असे आणि कुळाच्या हाती पिकाचा उरलासुरला वाटा पडे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले होते. प्रत्यक्ष कायदा झाला १९४९ मध्ये. तोवर तीन-चार पिढ्यांनी बाहेरची वाट धरली होती. ही वाट पहिल्यांदा गिरणीकडे गेली नाही, पलटणीकडे गेली. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात कोकणातले मराठे आणि महार मोठ्या संख्येने भरती होत, आणि निवृत्त शिपायांच्या पेन्शनी हा कोकणात बाहेरून येणारा पहिला मोठा रोख पैसा होता. १८५६ मध्ये ताडदेवला पहिली कापडगिरणी चालू झाली आणि त्यानंतर किनाऱ्याने बोटी नियमित धावू लागल्या, तेव्हा त्याच सवयीला नवे ठिकाण मिळाले. १९११ च्या जनगणनेत मुंबईतल्या साधारण दर पाच माणसांमागे एक जण रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेला होता.

मनीऑर्डरचे काम १ जानेवारी १८८० पासून टपाल खात्याकडे आले. पगार झाला की पोस्टाच्या खिडकीपुढे रांग लागे; लिहिता न येणारे दुसऱ्याकडून फॉर्म भरून घेत. फॉर्मच्या तळाशी मजकुरासाठी चार ओळींची चिठ्ठी असे. खुशाली, तांदूळ किती भरले, म्हातारीचे औषध, गणपतीला रजा मिळेल की नाही, एवढे सगळे त्या चार ओळींत बसवावे लागे. गावी पोस्टमन नोटा मोजून देई, अंगठा किंवा सही घेई आणि ती पोच मुंबईला परत जाई. पैसे कोणाच्या नावे येतात यावर घरातला अधिकार ठरे. बहुतेकदा ते बापाच्या किंवा थोरल्या भावाच्या नावे येत. बायकोच्या नावे थेट मनीऑर्डर येणे म्हणजे घर वेगळे झाल्याची खूणच मानली जाई. पैसे पाठवण्याची दुसरी, बिनखर्चाची रीत म्हणजे गावाला जाणाऱ्या भरवशाच्या माणसाकडे पाकीट देणे. ही रक्कम कुठल्याच दप्तरात येत नाही, म्हणून टपालाच्या आकड्यांवरून कोकणचा हिशेब मांडणारा अभ्यास मुळातच तोकडा पडतो.

मुंबईच्या टोकालाही गावच होते. लालबाग, परळ, शिवडी, वरळी या गिरणगावातल्या चाळींत एकेका गावाची खोली असे. पंधरा-वीस, कधी त्याहून जास्त पुरुष एकाच खोलीत भाड्याचा वाटा देऊन राहत. पाळीप्रमाणे झोपणे, प्रत्येकाला एक ट्रंक आणि भिंतीवर एक खुंटी. जेवण खानावळीत, आणि ही खानावळ चालवणारी बाई बहुधा गिरणी कामगाराचीच बायको किंवा विधवा. या बायकांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवण्यासाठी १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. नव्याने आलेल्या पोराला आधी खोलीत जागा मिळे, मग गाववाल्याच्या ओळखीने जॉबरपुढे, म्हणजे कामगार भरती करणाऱ्या मुकादमापुढे, उभे राहून बदली कामगार (गैरहजर कामगाराच्या जागी लागणारा) म्हणून गिरणीत शिरकाव होई. गोव्याच्या खलाशांनी धोबीतलाव परिसरात उभारलेल्या ‘कूड’ याच धाटणीच्या: गावागणिक एक, बोटीवर चढेपर्यंत आणि उतरल्यावर टेकायला.

अभ्यासकांचा पहिला मोठा वाद या दुहेरी संसारावरच झाला. कामगार गावाशी बांधलेला राहतो म्हणून तो गिरणीत मुरत नाही, रजा घेतो, शिस्त पाळत नाही, असा मालकांचा आणि अनेक अर्थतज्ज्ञांचा आक्षेप होता. कामगारांच्या स्थितीची चौकशी करायला ब्रिटिश सरकारने १९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटली आयोगाने मात्र गावाशी असलेले नाते तोडण्याऐवजी टिकवावे, असा कौल दिला. १९६५ मध्ये आर्थिक इतिहासकार मॉरिस डेव्हिड मॉरिस यांनी मुंबईच्या गिरण्यांच्या नोंदी तपासून अडचण कामगारांच्या बांधिलकीत नसून व्यवस्थापनाच्या पद्धतीत असल्याचे म्हटले. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ मध्ये याच्या पुढचे पाऊल टाकले. त्यांच्या मांडणीत गाव म्हणजे कामगाराचे मागासलेपण नव्हे, तर त्याची ताकद आहे: नोकरी गेली, आजार आला, संप लांबला की परतायला एक जागा असते. मुंबईच्या गिरण्यांचा १९२८ चा सर्वसाधारण संप सहा महिने चालला, त्यात हा आधार मोठा होता. शहरात पाय रोवायचे आणि गावही सोडायचे नाही, हा गोंधळलेपणा नव्हता, चोख हिशेब होता.

अर्थशास्त्राच्या सिद्धान्तांनाही कोकणाने अडचणीत टाकले. आर्थर लुईस यांनी १९५४ मध्ये मांडलेल्या नमुन्यात शेतीतले जादा हात उद्योगात जातात आणि शेवटी दोन्हीकडची मजुरी सारखी होते. कोकणातले हात गेले, पण शेती सुधारली नाही. १९८५ मध्ये ओडेड स्टार्क आणि डेव्हिड ब्लूम यांनी सुचवलेली दृष्टी इथे अधिक लागू पडते: जाण्याचा निर्णय एकट्या माणसाचा नसतो, घराचा असतो, आणि तो जास्त कमाईइतकाच जोखीम वाटून घेण्यासाठी असतो. घाटावर हेमलता दांडेकर यांनी सातारा जिल्ह्यातल्या सुगाव या गावाचा १९४२ ते १९८२ असा चाळीस वर्षांचा पट अभ्यासला (प्रकाशन १९८६). मुंबईला गेलेले पुरुष आणि शेताचा, गुरांचा, म्हाताऱ्यांचा भार पेलणाऱ्या मागच्या बायका, हे चित्र त्यांनी पुढे आणले. कोकणातही लावणीपासून मळणीपर्यंतची शेती बायकांनीच राखली. सातबाऱ्यावर नाव मात्र मुंबईकराचे.

मनीऑर्डरच्या पैशाने कोकणात काय झाले, याचे ठरीव उत्तर ‘चिऱ्याची घरे, लग्ने आणि गणपती’ असे दिले जाते आणि त्यातून कोकणी माणूस उधळा ठरतो. हे उत्तर अन्यायाचे आहे. दर महिन्याला येणाऱ्या थोड्या रकमेतून आधी दुकानदाराची उधारी फिटे, मग वर्षाचे उरलेले धान्य विकत घेतले जाई. गुंतवायला मागे राहत नसे, आणि राहिले तरी खोताच्या जमिनीत विहीर कोण खणणार? जिथे चार माणसांनी मिळून पैसा उभा केला तिथे तो गावातच लागलेला दिसतो. जवळजवळ प्रत्येक गावाचे मुंबईत एक मंडळ असते आणि गावी त्याचे जोडमंडळ. शाळेची इमारत, पाण्याची टाकी, देवळाचा जीर्णोद्धार, रस्त्याचा पाठपुरावा ही कामे या मंडळांच्या वर्गणीने झाली. देवळावर शाळेपेक्षा जास्त खर्च झाला, हे मात्र नाकारता येत नाही.

खरी उणीव वेगळी होती. पैसा परत आला, कौशल्य आले नाही. गिरणीच्या साचेखात्यात (मागांच्या विभागात) वीस वर्षे घालवलेल्या विणकराला लांज्याला किंवा संगमेश्वरला साचा नव्हताच. हे उघडे पडले ते १८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या गिरणी संपात. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातल्या अनेकांच्या गिरण्या पुन्हा कधी नीट चालल्याच नाहीत. १९२८ ला ज्या गावाने संप पोसला, त्या गावाला या वेळी बेमुदत पोसणे झेपले नाही. घरोघरच्या मनीऑर्डरी आटल्या. गावी परतलेल्यांना शेतीची सवय उरली नव्हती, आणि मुंबईतच राहिलेल्यांपैकी कोणी वॉचमन झाले, कोणी भाजीची गाडी लावली.

शेतीत खरा बदल घडवला तो १९९० पासूनच्या रोजगार हमी योजनेशी जोडलेल्या फळबाग लागवडीने. मुंबईकरांच्या पडीक वरकस जमिनीवर आंबा-काजू उभा राहिला, कारण कलमे लावून जगवली की बारा महिने हाताशी माणूस लागत नाही. राखणीला आणि आंब्याच्या हंगामात मात्र लागतो, आणि तिथे गेल्या काही दशकांत नेपाळी कामगार आले आहेत. रत्नागिरीच्या बागांतून आणि मासेमारी नौकांवर ते इतके रुळले आहेत की त्यांच्याशिवाय हंगाम काढणे अवघड झाले आहे. स्थानिक तरुण बागेत तीच मजुरी करण्यापेक्षा बोईसरला किंवा पुण्याला जातो.

कुशल स्थलांतराची धार इथे वेगळी आणि तुलनेने नवी आहे. किनाऱ्यावरच्या मुसलमान वस्त्यांतून बोटींवर खलाशी म्हणून जाण्याची परंपरा जुनी होती. १९७० नंतर तिला आखाती देशांतली कामे जोडली गेली आणि त्या पैशातून जमातींच्या (गावोगावच्या मुस्लिम समाजसंघटनांच्या) शाळाही उभ्या राहिल्या. इतरत्र मनीऑर्डरीने मुलांना शिकवले आणि त्याचे फळ आकड्यांत दिसते: दहावी-बारावीच्या निकालात राज्य मंडळाचा कोकण विभाग स्थापनेपासून सातत्याने अव्वल राहिला आहे. मात्र हे शिक्षण गावात वापरायला जागा नाही, म्हणून निकाल लागला की मुले बाहेर पडतात. केरळात १९९८ पासून सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज या संस्थेने के. सी. झकरिया आणि एस. इरुदय राजन यांच्या पुढाकाराने ठराविक वर्षांनी स्थलांतराची पाहणी केली, त्यामुळे तिथे कोण गेले, किती पाठवले, परतल्यावर काय केले याचा माग लागतो. कोकणासाठी अशी सलग पाहणी नाही, ही या विषयातली सर्वांत ठळक त्रुटी म्हणावी लागेल.

जनगणनेतून फक्त सावली दिसते. २०११ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे अकराशेहून अधिक स्त्रिया होत्या. २००१ ते २०११ या दशकात जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली आणि सिंधुदुर्गचीही घटली. त्या दशकात राज्यात लोकसंख्या घटलेला तिसरा जिल्हा फक्त मुंबई शहर. म्हणजे आता केवळ पुरुष जात नाही, बिऱ्हाडच उठते. विरार, नालासोपारा, दिवा, डोंबिवली इथे स्वतःची खोली झाली की बायको-मुले तिकडे जातात आणि गावच्या घराला कुलूप लागते. २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्गाने सुरू झालेल्या कोकण रेल्वेने हे जाणे थांबवले नाही, ये-जा सोपी केली. पैसे आता मोबाइलवरून क्षणात जातात, पण ते घेणारी बहुतेकदा एकटी उरलेली आई असते, आणि तिच्यामागे पाठवण्याचे कारणच राहत नाही. २०२० च्या टाळेबंदीत चाकरमानी घाईने परतले, तेव्हा काही गावांनी त्यांना वेशीवर अडवले, विलगीकरणावरून वाद झाले. परत आलेल्यांपैकी थोड्यांनी बागा, दुग्धव्यवसाय, पर्यटनाच्या खोल्या असे काही सुरू केले, बरेच जण गाड्या सुरू होताच मुंबईला गेले.